एका अक्षराचे मोल

‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा. एका वेलांटीने किंवा एका उकाराने अर्थ बदलतो, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र मराठीत हा फरक डोळ्याला दिसतो तसा कानालाही बऱ्याच अंशी जाणवतो. इंग्रजीचा स्वभाव निराळा. तिथे लिहिले जाते एक आणि उच्चारले जाते दुसरे. शिवाय पुष्कळदा दोन भिन्न शब्द उच्चारात एकरूप होऊन जातात. बाजारातील तोंडी व्यवहार दिलेल्या शब्दावर चालतो. पण परदेशाशी, बँकेशी आणि न्यायालयाशी होणारा व्यवहार कागदावर, म्हणजेच अक्षरावर चालतो. त्या कागदावर एक अक्षर किती भारी पडू शकते, याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे.

वेल्स प्रांतात ‘टेलर अँड सन्स लिमिटेड’ नावाची अभियांत्रिकी क्षेत्रातील एक जुनी कंपनी होती. तिच्याकडे अडीचशेहून अधिक माणसे कामाला होती. फेब्रुवारी २००९ मध्ये तेथील सरकारी कंपनी-निबंधक कार्यालयाच्या नोंदवहीत ही कंपनी दिवाळखोरीत निघाल्याची नोंद झाली. वास्तविक ती नोंद ‘टेलर अँड सन लिमिटेड’ या दुसऱ्याच, हिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपनीच्या नावावर व्हायला हवी होती. फरक होता तो शेवटच्या एका ‘एस’चा. चूक काही दिवसांतच दुरुस्त झाली. पण तोपर्यंत वार्ता पतमापन संस्थांपर्यंत पोहोचली होती. माल पुरवणाऱ्यांनी उधारी थांबवली, ग्राहकांचा विश्वास उडाला आणि सुमारे दोन महिन्यांत ती सुस्थितीतील कंपनी खरोखरच प्रशासकाच्या ताब्यात गेली. पुढे जानेवारी २०१५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने या हानीची जबाबदारी निबंधक कार्यालयावर येते, असा निर्णय दिला. निर्णय आला तेव्हा पेढी उरली नव्हती.

दुकानाच्या पाटीवर ‘अँड सन्स’ लिहिणाऱ्या घरांना या घटनेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तराजूवर, मालाच्या कागदांत, कर्जाच्या दस्तऐवजात आणि जेवणाच्या ताटातही असे फसवे जुळे शब्द भेटतात. त्यांतील काही निवडक शब्दांचा परिचय येथे करून घेऊ.

तराजूवरचे जुळे

सराफी व्यवसायात रोज उच्चारला जाणारा शब्द म्हणजे ‘कॅरट’. हा उच्चार ऐकू येतो एकच, पण त्यामागे चार शब्द उभे आहेत. सी-ए-आर-ए-टी हे रत्नांचे वजन. के-ए-आर-ए-टी ही सोन्याची शुद्धता. सी-ए-आर-ई-टी ही मुद्रितशोधनातील एक खूण. आणि सी-ए-आर-आर-ओ-टी म्हणजे गाजर.

पहिल्या दोघांचे मूळ एकच आहे. ग्रीक भाषेत लहान शिंगाला, आणि त्या आकाराच्या शेंगा धरणाऱ्या कॅरोब वृक्षाच्या बीला जे नाव होते, त्यावरून अरबीत ‘किरात’ आणि पुढे इटालियन-फ्रेंच मार्गाने इंग्रजीत ‘कॅरट’ आला. पूर्वी या वजनाचे प्रमाण गावोगावी थोडेथोडे बदलत असे. १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम असे ठरवले. हिऱ्यांच्या बाजारात ज्याला ‘सेंट’ म्हणतात तो याचा शंभरावा भाग, म्हणजे २ मिलिग्रॅम. सोन्याच्या बाबतीत मात्र कॅरट हे वजन नसून प्रमाण आहे. चोवीस भागांपैकी शुद्ध सोन्याचे भाग किती, एवढेच ते सांगते. २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ आणि १८ कॅरटच्या दागिन्यावर ७५० हा आकडा का असतो, हे त्यावरून उमगते; हजार भागांत शुद्ध सोन्याचे तेवढे भाग, असा त्या आकड्याचा अर्थ. ब्रिटिश लिखाणात दोन्ही अर्थांना ‘सी’चेच अक्षर चालते, अमेरिकेत रत्नाला ‘सी’ आणि सोन्याला ‘के’ असा भेद पाळतात. आपल्या हॉलमार्कवरही आकड्यापुढे ‘के’ हेच अक्षर असते. हिऱ्याच्या अंगठीच्या पावतीवर ही दोन्ही मापे शेजारी शेजारी येतात. त्यामुळे ‘१८ कॅरट’ हे सोन्याचे आणि ‘०.१८ कॅरट’ हे हिऱ्याचे, एवढे वाचता आले तरच पावती समजली असे म्हणता येईल.

तिसरा कॅरट लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ ‘उणे आहे’. लिहिताना सुटलेला शब्द वरच्या बाजूला घालण्यासाठी ओळीत जी टोकदार खूण करतात, तिचे हे नाव. मराठीत तिला काकपद म्हणतात. योगायोग असा, की जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत हिऱ्याच्या एका दोषाचे नावही ‘काकपद’ हेच आहे. एका भाषेत उणिवेच्या खुणेचा आणि रत्नाच्या वजनाचा उच्चार एक झाला, तर दुसरीत त्याच खुणेला आणि रत्नाच्या वैगुण्याला एक नाव मिळाले.

‘टन’ या शब्दाची गोष्टही अशीच. टी-ओ-एन असे लिहिले तर ब्रिटिश पद्धतीत तो २,२४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,०१६ किलोंचा असतो. अमेरिकेत तोच शब्द २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. टी-ओ-एन-एन-ई असे लिहिले तर तो पुरता १,००० किलोंचा मेट्रिक टन होतो. उच्चार तिन्हींचा ‘टन’च. त्याच उच्चाराचा चौथा भाऊ टी-यू-एन, म्हणजे मद्याचे मोठे पिंप. वजनाचा टन मुळात या पिंपावरूनच निघाला. अमेरिकेच्या व्यापाऱ्याने दूरध्वनीवर शंभर टनांचा भाव सांगितला आणि इकडच्याने तो मेट्रिक टन समजून लिहून घेतला, तर नऊ हजार किलोंहून अधिक माल हिशेबाबाहेर राहील.

धान्याच्या व्यापाऱ्याला ‘ग्रॅम’ हा शब्द दोनदा भेटतो, तोही त्याच स्पेलिंगने आणि त्याच उच्चाराने. वजनाचा ग्रॅम ग्रीकमधून फ्रेंचमार्गे आला. डाळींच्या नावातील ग्रॅम मात्र पोर्तुगीज भाषेतील ‘दाणा’ या अर्थाच्या शब्दाचे रूप आहे. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर तो भारताच्या किनाऱ्यावर उतरला आणि येथल्या इंग्रजीत रुजला. बंगाल ग्रॅम म्हणजे हरभरा, ग्रीन ग्रॅम म्हणजे मूग, ब्लॅक ग्रॅम म्हणजे उडीद, रेड ग्रॅम म्हणजे तूर आणि हॉर्स ग्रॅम म्हणजे कुळीथ.

गासडी, जामीन आणि धक्का

कापसाच्या गासडीला इंग्रजीत ‘बेल’ म्हणतात, स्पेलिंग बी-ए-एल-ई. बी-ए-आय-एल असे लिहिले की त्याच उच्चाराचा अर्थ जामीन होतो. गासडीविषयी आणखी एक सावधगिरी हवी. भारतीय गासडी १७० किलोंची धरतात, तर अमेरिकेच्या आकडेवारीतील गासडी ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोंची असते. तेव्हा दोन देशांचे गासड्यांतले आकडे समोरासमोर मांडून भावाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

जामिनाच्या ‘बेल’चे मूळ फ्रेंच भाषेतील ‘सोपवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. त्यातूनच ‘बेलर’ आणि ‘बेली’ हे कायद्याचे शब्द आले. आपला माल काही कामासाठी दुसऱ्याच्या हवाली करणारा तो बेलर. माल सांभाळणारा गोदामवाला किंवा वाहतूकदार तो बेली. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात या नात्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

बंदरावर माल उतरवण्याच्या धक्क्याला ‘की’ म्हणतात. कागदावर मात्र क्यू-यू-ए-वाय अशी अक्षरे असल्यामुळे ‘क्वे’ असा उच्चार करण्याचा मोह अनेकांना होतो. किल्ली आणि धक्का यांचा इंग्रजी उच्चार एकच आहे, हे ध्यानात ठेवले की प्रश्न मिटतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘इन्कोटर्म्स’ नावाच्या शर्तींमध्ये ‘डिलिव्हर्ड एक्स की’ अशी एक शर्त होती. २०१० च्या आवृत्तीत ती वगळण्यात आली. जुन्या करारांत मात्र ती अजूनही वाचायला मिळते.

धक्क्याशी येणाऱ्या जहाजाचा किती भाग पाण्याखाली बुडतो, त्या खोलीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ब्रिटिश पद्धतीत त्याची अक्षरे डी-आर-ए-यू-जी-एच-टी. बँकेचा ड्राफ्ट किंवा कराराचा कच्चा मसुदा डी-आर-ए-एफ-टी असा लिहितात. अमेरिकेत सगळ्यांना हीच अक्षरे पुरतात. पहिल्या शब्दातील ‘ए’च्या जागी ‘ओ’ बसवला की मात्र उच्चार ‘ड्राउट’ होतो आणि अर्थ होतो दुष्काळ. जहाजाच्या वार्तेत एक अक्षर चुकले, तर वाचणाऱ्याला वाटेल की बंदरात अवर्षण पडले आहे.

दस्तऐवजातील दोन टोके

बँकेच्या पत्रात मुदत ठेवीवर अमुक रकमेचा ‘लीन’ असल्याचे लिहिलेले असते. एल-आय-ई-एन ही अक्षरे पाहून त्याचा उच्चार कोणी ‘लायन’ करतात, पण सिंहाचा येथे काही संबंध नाही. ‘लीन’ किंवा ‘ली-अन’ असा त्याचा उच्चार. बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला असून मराठीत त्याला धारणाधिकार म्हणतात. येणे वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात ठेवण्याचा हा हक्क. करार कायद्याच्या कलम १७१ ने तो बँकांना दिला आहे, तर १९३० च्या मालविक्री कायद्याने पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला दिला आहे. एल-ई-ए-एन असा लिहिला जाणारा दुसरा ‘लीन’ म्हणजे कृश, किंवा टेकणे. आणि मराठीतील ‘लीन’ म्हणजे नम्र. ठेवीवर लीन असलेला खातेदार बँकेपुढे नम्र असतोच, म्हणून हा शब्द लक्षात ठेवणे सोपे.

गहाणखताचा इंग्रजी शब्द ‘मॉर्गिज’. त्यातील ‘टी’ मुका असतो. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘मृत तारण’. जुन्या इंग्रज कायदेपंडितांनी त्याची फोड अशी केली, की कर्ज फिटले नाही तर तारण ऋणकोच्या दृष्टीने मेले, आणि फिटले तर धनकोच्या दृष्टीने मेले. या शब्दाची दोन टोके नीट पाहून घ्यावीत, कारण येथेच सर्वाधिक लोक फसतात. ‘मॉर्गिजॉर’ म्हणजे गहाण देणारा, म्हणजेच कर्ज घेणारा. ‘मॉर्गिजी’ म्हणजे गहाण घेणारा, म्हणजेच कर्ज देणारा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हाच अर्थ पक्का केला आहे. पैसे ज्याला मिळतात तो ‘ई-ई’ने संपणारा असेल, अशी समजूत होते, पण त्या दस्तऐवजात हस्तांतरित होते ती रक्कम नव्हे, मालमत्तेतील हितसंबंध.

एवढे एक सूत्र हाती आले की बाकीच्या जोड्या उलगडतात. ‘ओ-आर’चे टोक क्रिया करणाऱ्याचे आणि ‘ई-ई’चे टोक ती क्रिया ज्याच्याकडे जाते त्याचे. लेसॉर हा भाडेपट्टा देणारा, लेसी हा घेणारा. लेसॉरमध्ये आघात शेवटी द्यावा लागतो. तो आरंभी दिला आणि अक्षर ‘ई-आर’ केले, तर ‘लेसर’ होऊन अर्थ ‘कमी’ असा होतो. कन्साइनर माल पाठवतो, कन्साइनीला तो मिळतो. धनादेशावर सही करणारा ड्रॉ-अर, ज्या बँकेवर धनादेश काढला ती ड्रॉई आणि ज्याला पैसे मिळायचे तो पेई. यांतील ड्रॉ-अर हा शब्द जेव्हा टेबलाच्या खणासाठी येतो, तेव्हा अक्षरे तीच राहून उच्चार आखडतो आणि ‘ड्रॉर’ होतो.

‘प्रिन्सिपल’ हा उच्चारही असाच दुहेरी. शेवटी पी-ए-एल असेल तर मुद्दल, मुख्य व्यक्ती, किंवा ज्याच्या वतीने आडत्या व्यवहार करतो तो मालक. शेवटी पी-एल-ई असेल तर तत्त्व. मुद्दल आणि तत्त्व ही दोन्ही सांभाळायची असतात, परंतु व्याज लागते ते केवळ पहिल्यावर.

मुकी अक्षरे

कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात आणि पावतीला ‘रिसीट’. पहिल्यात ‘बी’ आणि दुसऱ्यात ‘पी’ लिहायचा, पण उच्चारायचा नाही. हे शब्द फ्रेंचमधून आले तेव्हा उच्चाराप्रमाणे सरळ लिहिले जात. पुढे विद्वानांना त्यांची लॅटिन मुळे लिखाणात दिसावीत असे वाटले. म्हणून त्यांनी ही अक्षरे आत बसवली. लोकांची जीभ मात्र पूर्वीसारखीच चालत राहिली. गंमत अशी, की फसवणूक या अर्थाचा ‘डिसीट’ हा शब्द रिसीटच्याच मूळ कुळातील असूनही त्याला हा ‘पी’ कोणी दिला नाही. पावतीत मुके अक्षर आहे, फसवणुकीत ते नाही, असे ध्यानात ठेवले तर दोहोंचे स्पेलिंग चुकणार नाही.

मुक्या अक्षराची आणखी एक जोडी व्यापाऱ्याच्या विशेष कामाची आहे. ‘इंडेंट’ म्हणजे मालाचे मागणीपत्र. दात या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला. पूर्वी एकाच कातड्यावर कराराच्या दोन प्रती लिहून मधोमध दातेरी कापत. पुढे वाद झाला की दोन्ही तुकड्यांचे दाते जुळवून खरेखोटे ठरे. त्याच्या शेजारी दिसणारा आय-एन-डी-आय-सी-टी हा शब्द ‘इंडिक्ट’ असा वाचला जातो, पण त्याचा उच्चार ‘इंडाइट’, आणि अर्थ फौजदारी गुन्ह्याचा औपचारिक आरोप ठेवणे. मागणीपत्र आणि आरोप यांच्यात असे थोड्या अक्षरांचे अंतर आहे.

ताटातील फसवे शब्द

परदेशात गेलेल्या शाकाहारी कुटुंबाला या विषयाची झळ सर्वांत आधी उपाहारगृहात लागते. ‘स्वीटमीट’ हा शब्द वाचून दचकण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ मिठाई. जुन्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. मांस हा अर्थ नंतर घट्ट झाला. उलट ‘स्वीटब्रेड’ हे नाव वाचून गोड पाव समजून मागवले, तर ताटात येईल वासराची किंवा कोकराची ग्रंथी, बहुधा गळ्याजवळची किंवा स्वादुपिंड. एका शब्दात मांसाचे नाव आहे आणि मांस नाही. दुसऱ्यात पावाचे नाव आहे आणि आत मांस आहे.

नाताळच्या दिवसांत मिळणाऱ्या ‘मिन्समीट’च्या गोड पुऱ्यांत आज मुख्यतः सुकामेवा, फळे आणि मसाले असतात. परंतु पारंपरिक कृतीत ‘सूइट’ घालतात. एस-यू-ई-टी या अक्षरांचा हा शब्द म्हणजे बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची कठीण चरबी. वनस्पतिजन्य सूइटही मिळते, म्हणून वेष्टणावरील घटकांची यादी वाचल्यावाचून निर्णय करू नये. ‘ई’च्या जागी ‘आय’ आला की तोच शब्द ‘सूट’, म्हणजे पोशाख किंवा दावा. त्यापुढे आणखी एक ‘ई’ जोडला की ‘स्वीट’, म्हणजे हॉटेलातील खोल्यांचा संच. हा उच्चार गोड या अर्थाच्या ‘स्वीट’सारखाच आहे.

सोन्याचांदीच्या लगडींना ‘बुलियन’ म्हणतात. शंभर कोटींना ‘बिलियन’. यांच्याच चेहऱ्यामोहऱ्याचा एक फ्रेंच शब्द सुपाच्या पाकिटावर आढळतो. त्याची अक्षरे बी-ओ-यू-आय-एल-एल-ओ-एन आणि उच्चार साधारण ‘बूयाँ’. हा उकळून काढलेला अर्क बहुतेक वेळा मांसाचा किंवा हाडांचा असतो. भाज्यांचाही असतो, पण तसे वेष्टणावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच तो भाज्यांचा समजावा.

अखेरचा हवाला

या सर्व शब्दांतून एक साधी रीत हाती येते. तोंडी ठरलेल्या व्यवहाराचा इंग्रजी कागद समोर आला की त्यातील प्रत्येक संज्ञा कानाने न ताडता अक्षराने वाचावी. टनापुढे ‘मेट्रिक’ आहे की नाही, आपल्या नावापुढे ‘ओ-आर’चे टोक आहे की ‘ई-ई’चे, पेढीच्या नावातील शेवटचा ‘एस’ जागेवर आहे की गळाला आहे, हे सही करण्यापूर्वी पाहावे. घरातील इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना असे कागद मोठ्याने वाचायला दिले, तर त्यांचे उच्चार सुधारतील आणि थोरांच्या नजरेतून निसटलेले अक्षरही सापडेल.

जुन्या मुनिमांची सवय याहून निराळी नव्हती. रक्कम आकड्यात लिहिली तरी ती ‘अक्षरी’ लिहिल्यावाचून हुंडी पुरी होत नसे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातही तीच दृष्टी दिसते. त्याच्या कलम १८ नुसार हुंडी किंवा धनादेशावरील अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत तफावत पडली, तर अक्षरात लिहिलेली रक्कमच देय ठरते.